कोलोन ते बॉन: पंधरा मिनिटांत संपणारा हायवे बघायला गेलो त्याची गोष्ट

आधीच सांगतो, जर्मनीतल्या या कोलोन-बॉन हायवेवर, म्हणजे ए-५५५ वर, 'बघण्यासारखं' काही नाही. साधारण २० किमीचा सरळसोट रस्ता, अधेमधे वेसेलिंगच्या रिफायनरीच्या चिमण्या आणि शेतं, बास. मी मित्राला म्हटलं याच रस्त्यासाठी आलोय, तर तो हसायलाच लागला, रोज ऑफिसला इथूनच जातो म्हणे.

पण हाच रस्ता ६ ऑगस्ट १९३२ ला सुरू झाला, तेव्हाचे कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांच्या हस्ते. ऑटोबान, म्हणजे जर्मनीतले हे मोठे हायवे, हिटलरने आणले असं आपल्याकडे बिनधास्त ठोकून देतात ना, तर हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये, म्हणजे रस्ता आधी, हिटलर नंतर! नाझींना हे अडचणीचंच होतं, मग त्यांनी काय केलं तर या रस्त्याचा दर्जाच उतरवून त्याला 'लांडश्ट्रासे', म्हणजे साधा रस्ता, करून टाकला, आणि सप्टेंबर १९३३ मध्ये फ्रँकफर्टजवळ ऑटोबानच्या कामाची सुरुवात म्हणून हिटलरने कुदळफावड्याचा फोटो काढून घेतला. आडेनाउअरना तर त्याच वर्षी मार्चमध्ये पदावरून हाकललं होतं. या रस्त्याला ऑटोबानचा दर्जा परत मिळायला १९५८ उजाडलं.

काम सुरू झालं १९२९ मध्ये, मंदी आणि बेकारी, त्यामुळे मशीनपेक्षा माणसांच्या हातांनी जास्त काम करून घेतलं. एकही चौक नाही, सायकल, घोडागाडी, पायी चालणारे सगळे बंद, आणि लिमिट चक्क १२० ची, जेव्हा बऱ्याच गाड्या जेमतेम साठने पळायच्या. मात्र मधे डिव्हायडर नव्हता, दोन्हीकडचं ट्रॅफिक एकाच डांबरावर, विचार करूनच पोटात गोळा येतो. पुढे बॉन पश्चिम जर्मनीची राजधानी झालं आणि परदेशी वकिलातींच्या गाड्या इथून अशा सुसाट जायच्या की लोक याला 'डिप्लोमॅटांची रेसट्रॅक' म्हणायला लागले.

आता जाणाऱ्यांसाठी. शक्यतो रविवारी जा, रविवारी रात्री १० पर्यंत मोठ्या ट्रकना बंदी असते त्यामुळे रस्ता जरा मोकळा मिळतो. कोलोनच्या दक्षिणेला फेअरटायलरक्राइस नावाचं मोठं सर्कल आहे, तिथून सुरुवात करा म्हणजे जुन्या रस्त्याचं टोक पकडल्यासारखं होतं. फोटोसाठी कडेला गाडी थांबवायचा मोह आवरा, ऑटोबानवर थांबणं बेकायदा आहे, आणि पेट्रोल संपलं तरी दंड होऊ शकतो म्हणून आधीच भरून घ्या. उजवीकडून ओव्हरटेक तर अजिबात नाही, आपल्या सवयीचे हात लगेच तिकडे वळतात, माझेही एकदा वळले आणि मागच्याने हॉर्न नाही वाजवला पण लाइट असा मारला की कळलं! स्पीडचं म्हणाल तर पाटी बघूनच पळवा, 'जर्मनीत लिमिट नाही' हे ऐकीव ज्ञान घरी ठेवा. कारला टोल नाही, पण कोलोन आणि बॉन दोन्हीकडे शहरात शिरायला काचेवर हिरवा पर्यावरण स्टिकर लागतो, भाड्याची गाडी घेतलीत तर तो आहे ना एवढं बघून घ्या.

बॉनला पोचून लगेच परत फिरू नका. तिथून ६६ नंबरच्या ट्रामने ऱ्होनडोर्फला जा, आडेनाउअरचं घर आहे, नाझींनी काढून टाकल्यावर त्यांनी बांधलेलं. बाग उतारावर आहे, पायऱ्या बऱ्याच आहेत, आईबाबा सोबत असतील तर सावकाश. सोमवारी बंद असतं. गाडी चालवायचीच नसेल तर कोलोनहून १६ नंबरची ट्राम वेसेलिंगवरून बॉनला जाते, वेळ जास्त लागतो पण ऱ्हाइनच्या बाजूने जाते, आणि खरं सांगू का, देखावा हायवेपेक्षा तिथूनच चांगला दिसतो.