वायोमिंगचा उरलेला परवाना

मी कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला राहतो. वायोमिंगची हद्द इथून गाडीने तासाभराच्या आत, पण ती ओलांडली की मी परराज्यातला शिकारी. प्राँगहॉर्न या हरणासारख्या जनावराच्या शिकारीच्या परवान्यासाठी जूनच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करायचा आणि महिन्याच्या मध्यावर ड्रॉची, म्हणजे सोडतीची, वाट बघायची. नराच्या परवान्यात बाहेरच्यांच्या वाट्याचे ७५ टक्के परवाने वर्षानुवर्षे प्राधान्याचे पॉइंट साठवलेल्यांना जातात, बाकीचे २५ टक्के नशिबावर. माझ्याकडे पॉइंट नव्हते. सलग दोन वर्षं नाव लागलं नाही.

ड्रॉमधून राहिलेले परवाने जुलैत विक्रीला निघतात, हे ऑफिसातल्या एका मित्राने सांगितलं. जो आधी येईल त्याला मिळतो. त्यात बरेचसे मादी-पिल्लांचे, म्हणजे टाइप ६ आणि ७ चे. बाहेरच्या माणसाला नराचा परवाना तीनशे डॉलरच्या वर जातो, हा ३४ डॉलरला. मी हरखून गेलो. यादीत शिकारीच्या ज्या एरियात उरलेल्या परवान्यांचा आकडा सगळ्यात मोठा दिसला, तिथला परवाना घेऊन टाकला.

ऑक्टोबरात गेलो आणि चूक कळली. काटेरी तारेच्या पलीकडे, दोन-अडीचशे पावलांवर, चाळीसेक प्राँगहॉर्न निवांत चरत होते. कळपातली एक मादी तारेपाशी आली, मान खाली घातली आणि पुढचे गुडघे टेकून खालच्या तारेखालून सरपटत अलीकडे आली. हे जनावर कुंपणावरून उडी सहसा मारत नाही, खालूनच जातं. थोडा वेळ रस्त्याकडेच्या गवतात थांबून ती आली तशीच परत गेली. फोनवरच्या नकाशात मी उभा होतो तो रस्ता सार्वजनिक होता, दोन्ही बाजूंची जमीन खासगी. सरकारी जमिनीचे तुकडे होते, पण चहूबाजूंनी खासगी रानांनी वेढलेले. तीन दिवस फिरलो आणि परवाना तसाच घरी आणला.

परवाने उरतात ते बहुतेक वेळा जनावरं कमी म्हणून नाही, पाय ठेवायला जागा नाही म्हणून. हे एकदा पक्कं समजलं की सगळा क्रमच बदलतो. आधी जमीन शोधायची, मग परवाना.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच नकाशे घेऊन बसलो. जमीनमालकांच्या सहमतीने शिकाऱ्यांना खुल्या केलेल्या वॉक-इन जागा कुठे आहेत ते पाहिलं, आणि मग रँचवाल्यांना फोन सुरू केले. चौदा फोन केले. काहींनी उचलला नाही, काहींनी नम्रपणे नाही म्हटलं, दोघांनी इतके पैसे सांगितले की विषय तिथेच संपला. बाराव्या फोनवर एक आजीबाई होत्या. नराच्या मागे येणारे पुष्कळ, मादीसाठी कोणी विचारत नाही, आणि गवत तर माद्याच जास्त खातात, असं त्या म्हणाल्या. फाटकं होती तशीच ठेवायची आणि ओल्या रस्त्यावर गाडी घालायची नाही, एवढ्या दोनच अटी.

आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. "काळवीट मारणार का रे तू?" आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, रेहेकुरी अभयारण्य जवळच, काळविटाला हात लावला तर काय होतं हे तिकडे लहान पोरालाही माहीत. तिला समजावलं, की याला अँटिलोप म्हणत असले तरी हे त्या कुळातलं नाही, याचं कूळच वेगळं आणि त्यातली ही एकच जात आता उरली आहे. शिंगांवरचं आवरण हे दरवर्षी टाकतं, काळवीट कधीच टाकत नाही. आणि किती जनावरं मारायची हे इथे एरियावार ठरवून देतात. तिचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि मला त्यात तिचं चुकलं असं वाटत नाही.

जुलैतल्या त्या सकाळी विक्री सुरू व्हायच्या आधीच लॉगिन करून बसलो. १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन, म्हणजे शिकारीचं प्रशिक्षण, लागतं, म्हणून ते कार्डही शेजारी काढून ठेवलं. पहिली पसंती डोळ्यांसमोर संपली, पण आजीबाईंची रँच ज्या एरियात होती तिथला टाइप ६ मिळाला.

हंगामात तिथे गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच शिकार झाली. एक गोळी, मादी जागीच पडली. जागा सोडण्याआधी परवान्याच्या कूपनवर तारीख घालून सही केली. ऊन चढायच्या आत कातडं काढून मांस बर्फात ठेवलं. प्राँगहॉर्नच्या मांसाला उग्र वास येतो म्हणतात, पण तो बऱ्याचदा त्याला वेळेत थंड न केल्याने येतो. आमच्याकडच्या काळ्या मसाल्यात ते सुरेख लागलं.

निघताना परवान्याचा जमीनमालकाचा भाग आजीबाईंना दिला. तो राज्याच्या वन्यजीव खात्याकडे पाठवला की त्यांना थोडे पैसे मिळतात. त्यांनी चष्मा लावून कागद नीट वाचला, फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि विचारलं, "पुढच्या वर्षी कधी येतोस?"