बोलूनच राहिला

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आठवण लिहा म्हटल्यावर मला आधी नववीचा वर्गच दिसला. नागपूरचा मार्च, सकाळची शाळा, शेवटचा तास इंग्रजीचा. खिडकीचे गज तापलेले, पोटात कावळे ओरडताहेत, आणि मी उभा राहून धडा वाचतोय. एका सुरात, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. सरांनी थांबवलं नाही. पान संपू दिलं आणि फळ्यावर लिहिलं, 'ड्रोन ऑन'.

ड्रोन म्हणजे नर मधमाशी. बॅगपाइपमध्ये एकच सूर धरून ठेवणारी नळी असते, तिलाही ड्रोनच म्हणतात. "हा तुझा सूर," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, मग 'ऑन' कायले?" 'ऑन' म्हणजे 'वर', एवढंच आम्हाला ठाऊक.

"घरी तू काय म्हणतोस? तो बोलून राहिला. बोलूनच राहिला! ते 'राहिला' म्हणजे हा 'ऑन'."

आमच्या बोलीतलं क्रियापद इंग्रजी समजायला उपयोगी पडलं, याचा मला केवढा आनंद झाला होता! मग एकेक फ्रेजल व्हर्ब, म्हणजे 'ऑन'सारखा छोटा शब्द जोडलेलं क्रियापद, आपसूक उलगडत गेलं. 'रॅम्बल ऑन' म्हणजे मुद्दा सोडून भरकटणं, आपलं पाल्हाळ. 'वॉफल ऑन'मध्ये शब्द ढीगभर, हाती काही नाही. मला सगळ्यांत आवडलं ते 'हार्प ऑन'. हार्पला तारा पुष्कळ, पण जुना वाक्प्रचार 'एकाच तारेवर वाजवत राहणं' असा होता. आणि आपल्या तुणतुण्याला तर तारच एक! 'तेच तुणतुणं लावलंय' हे आमच्या घरी रोज कानावर पडायचं. सरांनी बोटानं हवेत तार छेडली : तुण, तुण, तुण.

पुढे पुण्यात शिकायला गेलो. वसतिगृहात माझ्या 'जेवून राहिलो'ला मुलं हसायची. फार लागायचं ते. काही दिवस मी तसं बोलणं सोडलंही होतं. आता स्वतः इंग्रजी शिकवतो, आणि 'ऑन' आला की फळ्यावर आधी 'राहिला' लिहितो.

त्या तासानंतर आठवडाभरानं सरांनी मला तेच पान पुन्हा वाचायला लावलं. फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलाशी उभे राहून प्रत्येक स्वल्पविरामाला हातातलं डस्टर हळूच टेकवून राहिले.