जाहिराती बंदच कराव्यात का? तुम्ही विचारलंत म्हणून

जाहिरातींचा एवढा जाच होतो, तर समाजाने त्या मुळासकट बंद का करू नयेत, असं तुम्ही पुष्कळ जण विचारता. माझं मत असं: सगळ्या बंद करू नयेत. पण पाळतीवर चालणाऱ्या (म्हणजे इंटरनेटवर तुमचा माग काढून दाखवलेल्या), मुलांना गाठणाऱ्या आणि रस्त्यावर लादलेल्या, या तीन जातींच्या जाहिराती जरूर बंद कराव्यात, आणि त्या करताना अर्धवट करू नयेत.

आधी सगळ्या का नाही, ते सांगतो. ली बेनहॅम या अर्थतज्ज्ञाने 1972 साली अमेरिकेतल्या चष्म्यांच्या किमतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही राज्यांत चष्म्यांच्या जाहिरातींना बंदी होती, काहींत मुभा. बंदी असलेल्या राज्यांत चष्मे बरेच महाग निघाले. पलीकडे स्वस्त मिळतं हे गिऱ्हाइकाला कळतच नसेल, तर दुकानदार भाव कशाला उतरवेल? सरसकट बंदीने ज्याचं नाव आधीच सगळ्यांच्या तोंडी आहे त्याचं फावतं आणि नवा माणूस दाराबाहेरच राहतो.

शिवाय जाहिरात म्हणायचं कशाला? दुकानावरची पाटी, खोली भाड्याने देण्याची चिठ्ठी, लसीकरणाची सूचना, हे सगळं तिच्यातच मोडतं. म्हणून कायदा लिहिताना तीन गोष्टी तपासाव्यात: जागेचे पैसे कुणी मोजले, जागा कुणाची आहे आणि बघणाऱ्याला ती टाळता येते का.

आता पाळतीवर चालणारी जाहिरात. मला सगळ्यात जास्त आक्षेप हिच्यावर आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. तुम्ही इंटरनेटवर एखादं पान उघडता तेव्हा त्यावरच्या मोकळ्या चौकटीचा लिलाव होतो. पानाचा पत्ता, तुमच्या फोनचा प्रकार, तुम्ही साधारण कुठे आहात ते ठिकाण आणि तुमची ओळख पटवणारा एक क्रमांक, एवढी माहिती एकाच वेळी अनेक बोली लावणाऱ्यांकडे जाते. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास बोली येतात, एक जिंकतो आणि त्याची जाहिरात दिसते. पण माहिती हरलेल्यांच्याही हाती पडलेली असते. ती त्यांनी साठवू नये असं करारात लिहिता येतं. प्रत्यक्षात त्यांना रोखणारी यंत्रणा त्या लिलावात नाही. संमतीचं बटण दाबून घेतल्याने हे दुखणं जात नाही, कारण आपली माहिती कुणाकुणाकडे पोचली हे संमती देणाऱ्याला कळतच नाही.

एवढं करून पैसा तरी मजकूर तयार करणाऱ्याला मिळतो का? ब्रिटनमध्ये 2020 साली जाहिरातदारांच्या संघटनेने या साखळीचा हिशेब तपासून घेतला. जाहिरातदाराने खर्चलेल्या रकमेपैकी निम्मीच, 51 टक्के, प्रकाशकापर्यंत पोचत होती. 15 टक्के रक्कम कुठे गेली याचा मागच लागला नाही. पानावरच्या विषयाला धरून जाहिरात लावायला, म्हणजे सायकलवरच्या लेखाशेजारी सायकलची, कुणाची ओळख लागत नाही. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 2020 मध्ये माग काढणं सोडून हाच मार्ग धरला, आणि त्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत तिचं ऑनलाइन जाहिरातींचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा वाढलं. युरोपीय संघाने, अगदी छोट्या कंपन्यांचे मंच सोडून, ऑनलाइन मंचांवर अल्पवयीनांना अशी माग काढून केलेली जाहिरात दाखवायला बंदी घातली आहे. ती प्रौढांनाही लागू व्हायला हवी.

मुलांच्या बाबतीत कॅनडातल्या क्वेबेकचा कायदा बघा. 13 वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करायला तिथे 1980 पासून मनाई आहे. वस्तू कशासाठी आहे, मांडणी कशी आहे आणि जाहिरात कधी-कुठे दिसते, यावरून ती मुलांसाठी आहे का हे ठरवतात. 1989 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा उचलून धरला. पण वेष्टनं आणि दुकानातली मांडणी त्यातून सुटलेली आहे, आणि प्रांताबाहेरून येणारं प्रसारणही त्याच्या हाती लागत नाही.

अशा फटी ठेवल्या की काय होतं, ते सिगारेटने दाखवलं. अमेरिकेत 1967 पासून सिगारेटच्या जाहिराती दाखवणाऱ्या वाहिन्यांना धूम्रपानविरोधी संदेशांनाही वेळ द्यावा लागे. 1971 मध्ये टीव्ही आणि रेडिओवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, तसं ते बंधन उरलं नाही आणि विरोधी संदेश आटले. कंपन्यांचा पैसा मासिकांकडे, फलकांकडे आणि खेळांच्या प्रायोजकत्वाकडे वळला. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या तंबाखूविषयक कराराने जाहिरात, प्रसिद्धी आणि प्रायोजकत्व या तिन्हींवर एकत्रित बंदी मागितली.

पैशाचा प्रश्न खरा आहे. 1833 मध्ये न्यूयॉर्कचं 'सन' एका सेंटला विकलं जाऊ लागलं, तेव्हा इतर दैनिकं सहा सेंटला मिळत. मधलं अंतर जाहिरातदार भरत होता. तो उठून गेला तर वर्गणी, परवाना शुल्क किंवा कर यांपैकी काहीतरी आपल्याला द्यावंच लागेल. माग काढणं थांबवलं तरी बातमीशेजारची साधी जाहिरात राहते, म्हणून तिथे मी संपूर्ण बंदी मागत नाही.

रस्त्यावरच्या फलकांचं काम मात्र तुलनेने सोपं आहे. ब्राझीलच्या साओ पाउलोने 2007 पासून होर्डिंग काढली. दुकानांच्या पाट्यांना मापं ठरवून दिली: दर्शनी भाग 10 मीटरपेक्षा अरुंद असेल तर दीड चौरस मीटर, 10 ते 100 मीटर असेल तर चार. दुकान सापडतं, भिंत मोकळी राहते. पुढे तिथे बसथांब्यांवर आणि रस्त्यावरच्या घड्याळांवर जाहिराती परतल्या, कारण त्यांच्या देखभालीचा खर्च त्यातून निघतो. तेव्हा बंदीच्या अंदाजपत्रकात थांब्यांचा खर्च आधीच धरा. फ्रान्समधल्या ग्रेनोबलने 2014 मध्ये 326 फलक हटवायचं ठरवलं ते जाहिरात कंपनीचा करार संपला तेव्हा. तो फक्त पुढे वाढवला नाही. करार मध्येच मोडला तर भरपाईचा दावा येतो. तुमच्या शहरात हे करायचं असेल तर फलकांचा करार कोणत्या तारखेला संपतो ते आधी शोधा, आणि नव्या निविदेचा मसुदा निघण्यापूर्वी हरकत नोंदवा.