तेरेखोलच्या दोन्ही काठांवर: शिरोड्याहून सायकल, केरीला हुर्राक

एप्रिलमध्ये आमची कॅम्परव्हॅन सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या वेळागरला, सुरूच्या बनामागच्या एका अंगणात दोन रात्री उभी होती. तिसऱ्या दिवशी ती हलवायचीच नाही असं ठरलं. नदीपलीकडे गोव्यात केरीला हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडूंची (फळांची) हंगामी दारू, चाखायला जायचं होतं, आणि चाखलं तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही हा आमच्या घरचा नियम आहे.

अंगणाच्या मालकीण काकींनी बजावलं होतं, "सकाळीच निघा, मगे ऊन सोसाचा नाय." सहाला निघालो ते बरं झालं. शिरोडा ते तेरेखोल किल्ला रेडीमार्गे दहा-बारा किलोमीटर. रेडीपर्यंत माड-पोफळी, मग खाणींची लाल धूळ, आणि शेवटी किल्ल्याकडे जाणारा चढ. गिअरची सायकल नसेल तर तिथे खुशाल उतरून ढकला.

किल्ला तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या बाजूला, पण गोव्याचा. पोर्तुगिजांनी तो 1746 साली सावंतवाडीकरांकडून घेतला, म्हणून नदी ओलांडायच्या आधीच राज्य बदलतं. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता. बुरुजाजवळून नदीचं मुख आणि पलीकडची केरीची पांढरी वाळू दिसते. आम्ही तिथे अर्धा तास नुसते बसून राहिलो.

खाली धक्क्यावर फेरीबोटीत सायकली चढवल्या आणि काही मिनिटांत केरी. गावाच्या आतल्या बाजूला काजूच्या बागेत एक भट्टी चालू असल्याचं धक्क्यावरच कळलं होतं. फांदीवरून तोडलेलं फळ इथे घेत नाहीत, पिकून खाली पडलेलेच बोंडू वेचतात. बी पिळून काढली की बोंडू दगडी कोळंबीत, म्हणजे रस काढायच्या कुंडात, तुडवतात. तो रस दोन-तीन दिवस आंबवून भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, उकळला की पहिल्या धारेचं हुर्राक मिळतं. हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून उकळलं की फेणी. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती वर्षभर मिळते. हुर्राक मात्र मार्च ते मेपुरतंच, कारण ते फार दिवस टिकत नाही.

चव? आधी नाकात पिकल्या बोंडूचा तो उग्र गोड वास, जिभेवर हलकं, आणि शेवटी घशात किंचित तुरटपणा. लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. मला ते नुसतंच जास्त आवडलं, फळ ओळखू येतं. ते हलकं लागतं म्हणून फसू नका, निदान साध्या वाइनइतका जोर त्यात असतोच. दोघांत एक ग्लास घेतला, वर भरपेट मासे-भात, आणि चारपर्यंत सुरूखाली झोप. सायकल चालवायची असली तरी एवढं थांबाच.

परतताना धक्क्यावर पाणी ओसरलेलं. ओहोटीमुळे फेरी थांबली होती आणि आमच्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या. तासभर उन्हात तापत बसलो. तेव्हा भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी स्थानिकांना विचारून घ्या आणि माणशी तीन लिटर पाणी ठेवा. पंक्चरचं सामानही बरोबर हवं, वाटेत दुकानावर भिस्त ठेवू नका.

बाटली मात्र विकत घेऊन येऊ नका, एकसुद्धा. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. जे प्यायचं ते तिथेच.

व्हॅनवाल्यांसाठी: शिरोड्यातल्या आतल्या रस्त्यांवर माडाच्या झावळ्या आणि विजेच्या तारा खाली आलेल्या असतात. उंच गाडी असेल तर कोणीतरी पुढे चालत जाऊन बघावं. किनाऱ्याच्या वाळूत चाक घालू नका. घरमालकांना विचारून अंगणात जागा घेतलीत तर विहिरीचं पाणी आणि विजेचा पॉइंट मिळतो. त्याचे पैसे आधी बोलून घ्या, आणि भांडी धुतलेलं पाणी त्यांच्या विहिरीपासून लांब, ते सांगतील तिथेच सोडा.

संध्याकाळी परतलो तेव्हा काकींच्या मागच्या दारी मुलं बोंडू पिळून बिया वेगळ्या करत होती. बिया सुपात, आणि लालपिवळ्या बोंडूंचा ढीग झाडाखाली सडायला. नदीच्या पलीकडे सकाळी ज्याचं हुर्राक होताना पाहिलं, तेच फळ. मला फार हळहळ वाटली. काकींना ते कळलं असावं. त्यांनी ढिगातले ताजे चार बोंडू उचलले, फडक्यात पिळले आणि मीठ घालून पेला हातात दिला. घसा रात्रभर खवखवला, तरी सकाळी निघताना आम्ही आणखी एक पेला मागून घेतला.