दुधाचा मुकुट आणि ‘डॉक’ एजर्टन : फ्लॅशच्या प्रयोगांची नोंद

६ एप्रिल हा हॅरॉल्ड एजर्टन यांचा जन्मदिवस, म्हणून या महिन्याची नोंद त्यांच्या नावे करीत आहे. १९०३ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जन्मलेले एजर्टन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. वेगाने फिरणारी मोटर डोळ्यांना थांबलेली दिसावी यासाठी त्यांनी जो लखलखता दिवा विकसित केला, त्याच्याच वंशातला फ्लॅश आज आपल्या छायाचित्रकारांच्या बॅगेत असतो.

त्यांच्याकडून घेण्याचा पहिला धडा असा, की अंधाऱ्या खोलीत शटर कितीही वेळ उघडे राहिले तरी चित्राचा क्षण फ्लॅशच ठरवतो. सफरचंदातून आरपार जाणाऱ्या गोळीचे त्यांचे १९६४ मधील छायाचित्र घ्या. सेकंदाला सुमारे ८५० मीटर जाणारी गोळी एक हजारांश सेकंदात ८५ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे चित्रात तिचा नुसता फराटा उमटेल. मात्र एक दशलक्षांश सेकंदात ती मिलिमीटरभरही सरकत नाही. नेमक्या क्षणी फ्लॅश पेटवण्याचे काम गोळीच्या आवाजावर चालणाऱ्या मायक्रोफोनने केले.

आपल्या साध्या स्पीडलाइटला, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशला, गोळी झेपणार नाही, पण थेंब सहज झेपतो. पूर्ण शक्तीवर त्याचा उजेड साधारण एक हजारांश सेकंद टिकतो. शक्ती १/६४ वर आणली, की तो सुमारे एक वीसहजारांश सेकंदातच तोडला जातो. तीस सेंटिमीटरवरून पडलेला थेंब पृष्ठभागाशी पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २.४ मीटर असतो. त्यामुळे पहिल्या स्थितीत तो २.४ मिलिमीटर फरफटतो आणि दुसऱ्या स्थितीत जेमतेम ०.१२ मिलिमीटर. धारदार चित्रासाठी फ्लॅशची शक्ती वाढवण्याऐवजी कमी करायची, ही गोष्ट नव्या मित्रांना पटवून देताना फार मजा येते.

सध्याची मांडणी अशी आहे. सलाईनच्या नळीतून दूध ठिबकते, नळीच्या तोंडाखाली पाच सेंटिमीटरवर लेझरचा किरण आडवा जातो आणि थेंबाने तो तोडला, की आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) १६० मिलिसेकंद थांबून फ्लॅश पेटवतो. त्यांतले सुमारे १४५ मिलिसेकंद उरलेल्या पडण्यात जातात. बाकीच्या पंधरांत मुकुट, म्हणजे आदळलेल्या थेंबाभोवती उठणारे दुधाचे टोकदार कडे, उभा राहतो. अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/११, शटर बल्बवर, म्हणजे बटण दाबून धरेपर्यंत उघडे. शक्ती इतकी कमी ठेवल्याने दोन्ही फ्लॅश वीतभर अंतरावर आणावे लागतात. त्यांपैकी मागचा ट्रेसिंग पेपरच्या आडून मारला, की दुधाच्या कडा सुरेख उठून दिसतात.

मुकुटासाठी दूध खोल नको. वाटीभर दुधात थेंब पडला तर आधी खळगा होतो आणि मग मधून खांब उसळतो. ताटलीवर दुधाचा पातळ थर असेल तरच कडेने ती टोके उभी राहतात आणि प्रत्येक टोकाला मोत्यासारखा गोळा तुटू पाहतो. माझ्या मुकुटांची एक बाजू अजून उंच येते, ताटली स्पिरिट लेव्हलने तपासली तरीही. एजर्टन स्वतः १९३० च्या दशकापासून या थेंबामागे होते आणि त्यांचे प्रसिद्ध रंगीत छायाचित्र १९५७ मधले आहे, हे आठवले की चिडचिड आपोआप कमी होते.

शिक्षक म्हणून त्यांची थोरवी मला अधिक वाटते. विद्यार्थी त्यांना ‘डॉक’ म्हणत. जर्मेसहाउसेन आणि ग्रिअर या विद्यार्थ्यांना त्यांनी पुढे भागीदार करून घेतले, प्रयोगशाळेत येणाऱ्यांच्या हाती आपल्या छायाचित्रांची पोस्टकार्डे ठेवली आणि १९६८ मध्ये निवृत्त झाल्यावरही प्रयोगशाळा सोडली नाही. तंत्र लपवून ठेवणाऱ्या आपल्याकडच्या काही स्टुडिओवाल्यांनी यातले निदान पोस्टकार्ड तरी घ्यावे.

आता एका थेंबाच्या उसळलेल्या खांबावर दुसरा आदळवायचा आहे. दोन थेंबांतले अंतर सलाईनच्या नळीवरील चाकाने साधणार नाही, म्हणून सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी झडप) आणला आहे. त्याला १२ व्होल्ट लागत असल्याने आर्डुइनोला थेट न जोडता मध्ये मॉस्फेट (स्विचसारखे काम करणारा ट्रान्झिस्टर) बसवणार आहे.