३२ डबे, फळ एकात

आज मदतनीस पालक म्हणून लेकीच्या वाशीतल्या शाळेत मधल्या सुट्टीत तिसरीच्या मुलांचे ३२ डबे पाहिले. भाजी फक्त सात डब्यांत होती आणि फळ एकाच डब्यात, तेही काळ्या पडलेल्या सफरचंदाच्या चार फोडी, ज्या मुलाने न चाखताच पुन्हा झाकून ठेवल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना दररोज किमान ३५० ग्रॅम भाज्या-फळे मिळायला हवीत, आणि आपला घाऊक फळबाजार तर हाकेच्या अंतरावर आहे. (माझ्या लेकीच्या डब्यातही जॅम-पोळीच होती, हे कबूल करते.) पालेभाजीतले लोह शरीरात नीट शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून उद्या मेथीच्या पराठ्यासोबत तिखट-मीठ लावलेला पेरू देणार आहे.