वीस बोंडांचा पंचनामा

डिसेंबर 2017. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या पंचनाम्यांचे आदेश आले तेव्हा नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातली चार गावं कृषी सहायक म्हणून माझ्याकडे होती. दिवसाला दहा-बारा शेतं व्हायची. त्यातलं झोडग्याच्या बाजूचं आप्पांचं चार एकर डोळ्यांपुढून हलत नाही.

लांबून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, चांगली दिसत होती. वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडली आणि बांधावर बसून एकेक विळ्यानं फोडलं. तेरांत गुलाबी अळी निघाली. वरून छिद्रसुद्धा दिसत नव्हतं. अळी आत शिरली की ते बुजून जातं, म्हणून फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. अमेरिकन बोंडअळी मात्र एकाही बोंडात नव्हती. तिच्यावर बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं बियाणं, अजून चालत होतं, गुलाबीवर चालेनासं झालं होतं.

बियाण्याच्या तक्रारीच्या जी फॉर्मला पावती आणि पाकिटावरचा लॉट नंबर लागतो. आप्पा घरात गेले ते पावतीबरोबर एक लाल वही घेऊन आले.

"ताई, हे पण लिहून घ्या."

तलाठी भाऊसाहेबांच्या अर्जात त्याला रकाना नव्हता. मी मात्र वही वाचत बसले. 2001 : चार एकर, 13 क्विंटल, नऊ फवारण्या. 2005 ला पहिल्यांदा बीटी, तेही दोनच एकर, कारण 450 ग्रॅमचं पाकीट तेव्हा 1,600 रुपयांच्या पुढं होतं. त्या दोन एकरांत 14 क्विंटल, फवारण्या तीन. 2006 ला पाकीट 750 रुपयांवर आलं आणि चारही एकर बीटी झाली. 2013 ला 34 क्विंटल. समासात बारीक अक्षरात 'स्लॅब', पुढच्या पानावर 'मोठीचं लग्न'.

महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या 2002 ते 2008 च्या पाहणीवरून काठागे आणि काइम या संशोधकांनी 2012 साली मांडलं होतं की बीटीमुळे एकरी उत्पादन 24 टक्क्यांनी आणि नफा 50 टक्क्यांनी वाढला. ते मी वाचलं होतं. इथं ते सिमेंटच्या हिशेबात लिहिलेलं होतं. बीटीनं शेतकऱ्याला काहीच दिलं नाही, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही, ते या पानांमुळेच.

2017 चं पान अर्धवट होतं. ते आम्ही तिथंच पुरं केलं. आठ पाकिटांचे 6,400, खतं 16,000, सात फवारण्यांचे 14,000, मशागत-निंदणी 14,000, वेचणी 15,300. एकूण 65,700 रुपये. कापूस 17 क्विंटल, त्यातला सहा क्विंटल कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला. चांगला 4,300 नं गेला, कवडी 2,800 नं. हाती आले 64,100. घरच्या दोन माणसांची सहा महिन्यांची मेहनत यात धरलेलीच नाही. आप्पा आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फवारण्या पुन्हा तिथंच आल्या की हो. बियाणं मात्र दरसाल विकतच."

पावती शोधताना माळ्यावरून एक पिशवी खाली आली होती. तिच्यात बीटीच्या पाकिटांबरोबर मिळालेली बिगर-बीटीची 120 ग्रॅमची पाकिटं, एकही न फोडलेलं.

"ही लावली तर आळ्या येतात म्हणे. मग कशाला जागा घालवायची?"

आळ्या याव्यात म्हणूनच ती लावायची होती. त्यांच्यातले पतंग बीटी पचवलेल्या पतंगांशी मिळाले, की पुढची पिढी बीटीला बळी पडते. आम्ही सभांमध्ये 'चारी बाजूंनी पाच ओळी लावा' एवढंच सांगत आलो होतो. का, ते मी त्या दिवशी आप्पांना पहिल्यांदा सांगितलं, आणि मला लाज वाटली. 2010 मध्येच गुजरातेत गुलाबी अळीनं पहिलं, एकाच जनुकाचं बीटी पचवल्याचं जाहीर झालं होतं. सात वर्षं आमच्या हातात होती.

निघताना मी फरदड ठेवू नका म्हणून विनवलं. डिसेंबरनंतर उभी राहिलेली कपाशी म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंतची शिदोरी. झाडावर अजून दीड-दोन क्विंटलची बोंडं होती. आप्पांनी होय-नाही केलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी रोटाव्हेटर घातला. ट्रॅक्टरचं भाडं उसनं आणलं होतं. मार्चमध्ये त्या रस्त्यानं गेले तेव्हा त्यांचं रान नांगरून तापत पडलं होतं, आणि बांधाच्या तिन्ही अंगांना शेजाऱ्यांची फरदड कमरेएवढी उभी होती.